चौथा पदर

मी वेणी घालतो.
घालतो म्हटलं, आमच्याकडं बायका असंच बोलतात.
केसांची न्हवं, कातड्याची.
सुभाषनगरात, दारात पोतं टाकून,
डाव्या अंगठ्यात पदर आडकवून.
तळ गडी कापतात, रापी त्यांची.
वेणी बायकांची. डझनावर पैसे.

माझ्या वेणीला एक खोड हाय.
चौथा पदर मी खालनं घेतो, बाकीच्या वरनं.
सासूनं शिकवताना कायतरी चुकलं,
मग हातात तसंच बसलं.
अंधारात नुस्त्या बोटानं सांगीन, ही माझी.

गेल्या उन्हाळ्यात मगदूम शेठ आला.
चपला न्हाईत म्हणाला, पट्टे.
सव्वा हात लांब, पाच पदरी, मुठीला फास.
कातडं म्हशीचं, पाठीचं. पोटाचं न्हको, ताणतं.
कशाला ओ?
कुत्र्यांच्या दोऱ्या.
एवढ्या आखूड?
तो हसला. कुत्रं जवळच धरायचं असतंय.

चाळीस दिले. रोख.

श्रावणात सूतगिरणीच्या गेटवर पोरं बसली,
सहा म्हयन्याचा पगार थकलेला.
आवळ्यांचा दया तीन रात्री आत होता.
सोडला तो घरात येऊन पालथाच पडला.
त्याची आई म्हणाली, तू लाव हळद,
माझा हात चालंना.

पाठीवर वेणी उठलेली.
पाच पदरी, निळी,
कुठं कुठं काळी.
आणि चौथा पदर खालनं.

हळद लावली. वाटी धुतली.
कुणाला सांगू,
पोराच्या पाठीवर माझी सही हाय म्हणून?

दिवाळीच्या तोंडावर शेठ परत.
आता चार हजार.
जहाजानं जायचेत, समुद्रापलीकडं,
कुणाच्यातरी मुलखात कुणाचंतरी राज्य
नव्यानं बसायलंय.
तिकडचा सायब विचारत होता, टिकंल का?
आम्ही कागद दाखवला, शेठ म्हणाला,
आपल्या हितंच वापरून बघितलाय,
एक बी तक्रार न्हाई.
आणि हे बघ, वेणी नमुन्यासारखीच पायजे.
तो चौथा पदर खालनं जातो न्हवं,
तितं गाठ उचलती.
सायबाला तीच आवडली.

चपलेला तीन पदर पुरतात.
पाच पदर आमच्या घरात आले कुठनं,
हे मी कधी विचारलंच न्हवतं.
सासूला विचारलं. जात्यावर बसल्यासारखी डुलत बोलली:
माझा सासरा बसऱ्याला गेला हुता,
पलटणीच्या मागं, खोगिरं शिवायला.
तितल्या हमालांच्या पाठी मोडायला
गोऱ्या सायबानं त्याला चाबूक वळाय शिकवलं.
परत आला तवा दोन वस्तू आणल्या,
तांब्याचा बिल्ला, त्यावर राजाचं तोंड,
आणि ही वेणी.
बिल्ला मोडीत गेला.
वेणी तुरुंगवाल्यांनी मागून घेतली,
बिंदू चौकात, लई वरसं.
मग घरातल्या बायकांच्या हातात ऱ्हायली,
काम न्हाई तर न्हाई, पण इसरली न्हाई.

म्हंजे आली त्याच वाटंनं
आता ती परत निघाली.
मधी एवढी थांबली, आमच्या गल्लीत,
चाळीस नग.

चार हजारांचं कातडं घमेल्यांत भिजत टाकलंय.
भिजल्याबिगर वळत न्हाई.
एक दिवस भिजवायचं असतं,
आज नववा.
पाणी मी बदलत न्हाई.
वास पार कोपऱ्यावरच्या तालमीपतोर गेलाय,
शेठचा फोन वाजतोय,
पोरीच्या बाळंतपणाची तारीख भिताडावर लिवलीया,
आणि मी काय ठरवलंय असं बी न्हाई.

सांजचं दया जातो दारातनं,
अजून जरा वाकडा.
काकू, कसला गं वास?
कातड्याचा, म्हणतो मी,
आणि दोन्ही हात पदराखाली घेतो.